एसीच्या पाण्याचा पाइप: उतार आणि ट्रॅप

मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. भिंतीवरच्या स्प्लिटमध्ये सहसा पंप नसतो, पाणी निव्वळ उतारावर वाहतं. म्हणून मीटरमागे निदान 1 सेंटिमीटर उतार हवा, आणि तोही सलग. फॉल्स सीलिंगमागे पाइप झोल खाऊन परत वर चढला की तिथे बुळबुळीत गाळ धरतो आणि ऐन मे महिन्यात एसी गादीवर ठिबकायला लागतो. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यातही बुडू देऊ नका.

खरा घोळ बाथरूममध्ये होतो. फिटर घाईत पाइप थेट सांडपाण्याच्या लाइनीत खुपसतो. मग गटाराचा वास आणि चिलटं सरळ बेडरूममध्ये. त्यापेक्षा पाणी नहाणी ट्रॅपच्या (मोरीखालचं वळण, ज्यात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं) जाळीवर, वर दोन बोटं मोकळी जागा ठेवून पडू द्या. थंडीत एसी बंद असतो. ती मोरी वापरात नसेल तर ट्रॅप सुकतो, म्हणून अधूनमधून तांब्याभर पाणी ओता.

छतातल्या डक्टेबल युनिटला (डक्टमधून खोल्यांत थंड हवा सोडणारा एसी) स्वतःचा यू-ट्रॅप, म्हणजे पाइपला यू आकाराचं वळण, लागतोच. त्याचा पंखा पाणी गोळा करणाऱ्या ट्रेकडून हवा ओढतो, त्यामुळे ट्रॅपशिवाय पाणी ट्रेमध्येच अडून राहतं.

पीओपीवाल्याने सीलिंग बंद करण्याआधी फिटरला समोर उभा करून ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतायला लावा आणि ते दुसऱ्या टोकाला न अडखळता येतंय ना, स्वतः बघा. नंतर तोडफोडीचा खर्च कोणीच देत नाही.