डीआर साइट आहे म्हणून निर्धास्त राहू नका: फेलओव्हरच्या नियोजनातल्या या चुका टाळा

दूरच्या साइटवर डेटाबेसची रेप्लिका (सतत अद्ययावत होणारी प्रत) उभी राहिली, डॅशबोर्डवर लॅग (प्रत किती मागे आहे तो वेळ) शून्य दिसला, की बहुतेक टीम डीआरचं (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मुख्य साइट पडली तर सावरायची तयारी) काम झालं म्हणून हात झटकतात. मग खरी वेळ येते आणि तेव्हा कळतं की रेप्लिकाला प्रमोट करायचं (म्हणजे प्रायमरी, मुख्य डेटाबेस, बनवायचं) कुणी, कधी आणि नंतर परत यायचं कसं, यावर कुणी बोललेलंच नाही. सेटअप वेगवेगळे, पण चुका त्याच त्या. त्यातल्या दोन चुकांवर माझा विशेष राग आहे, म्हणून आधी त्या.

साइट दोनच आणि फेलओव्हर ऑटोमॅटिक

फेलओव्हर म्हणजे प्रायमरी पडल्यावर तिचं काम दुसऱ्या सर्व्हरकडे देणं. मध्ये एक लिंक आणि डीआरच्या बाजूला एक स्क्रिप्ट: प्रायमरीला दर 5 सेकंदांनी पिंग कर, लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर स्वतःला प्रमोट कर. लिहायला अर्धा तास पुरतो आणि डेमोत झकास चालते. पण उत्तर येत नाही याचे अर्थ दोन निघतात. एकतर प्रायमरी मेली, नाहीतर मधली लिंक तुटली. डीआरच्या जागी बसून यातला फरक ओळखता येत नाही, मग स्क्रिप्ट कितीही हुशारीने लिहा.

एका ठिकाणी हे साग्रसंगीत घडलं. रात्री फायरवॉलचा एक नियम बदलला आणि दोन साइटमधली वाहतूक बंद झाली. स्क्रिप्टने इमानेइतबारे डीआर प्रमोट केलं. तिकडे मूळ प्रायमरी ठणठणीत होती आणि तिच्या साइटवरचं ॲप्लिकेशन तिच्यातच लिहीत होतं. उरलेले ॲप सर्व्हर डीआरमध्ये लिहायला लागले. सकाळी लिंक परत आली तेव्हा प्रायमरी दोन आणि दोन्हींत नवी बिलं. बिलांना क्रमांक देणारा सीक्वेन्स दोन्हीकडे एकाच आकड्यापासून पुढे सरकलेला, त्यामुळे एकाच क्रमांकाची बिलं दोन वेगळ्या ग्राहकांच्या नावावर. त्यातली काही पीडीएफ होऊन ईमेलने गेलीसुद्धा होती. मीटिंगमध्ये कुणीतरी उत्साहाने सुचवलं, “टाइमस्टँप बघून मर्ज करून टाकू.” कुठलं बिल खरं हे टाइमस्टँप सांगत नाही. शेवटी अकाउंट्सची माणसं याद्या घेऊन बसली आणि एकेक ओळ हाताने जुळवली.

मोठ्यांनाही हा हिसका बसलाय. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क 43 सेकंद तुटला. तेवढ्यात ऑर्केस्ट्रेटर या फेलओव्हर करणाऱ्या टूलने मायएसक्यूएल डेटाबेसच्या प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर नेल्या. पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत झालेले राइट्स पश्चिमेला पोहोचलेले नव्हते, पश्चिमेला आलेले नवे राइट्स पूर्वेला नव्हते, आणि पूर्वेकडच्या ॲप्लिकेशनला एवढ्या अंतरावरच्या डेटाबेसची लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) झेपेना. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. लक्षात घ्या, तिथे कोरम (बहुमताने निर्णय घेण्याची सोय) होता आणि टूल सांगितल्याप्रमाणेच वागलं. प्रायमरी देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली तर ॲप्लिकेशनचं काय होईल, हा विचार कॉन्फिगरेशनमध्ये नव्हता.

म्हणून माझी पद्धत साधी आहे: साइटच्या आतलं फेलओव्हर ऑटोमॅटिक, साइट ओलांडायची असेल तर माणसाच्या हाताने. त्या माणसाचं नाव आणि तो नसेल तर दुसऱ्याचं नाव आधीच ठरलेलं. ऑटोमॅटिकचाच हट्ट असेल तर तिसऱ्या, स्वतंत्र जागी साक्षीदार (कोण जिवंत आहे यावर मत देणारा सर्व्हर) ठेवा. प्रायमरीच्याच रॅकमधल्या तिसऱ्या व्हीएमला साक्षीदार म्हणणारे लोकही पाहिलेत, त्यांना काय सांगावं! आणि प्रमोट करण्याआधी जुन्या प्रायमरीचे राइट्स बंद झाल्याची खात्री करा. लिंक तुटल्यावर तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून हे काम तिचं तिनेच करायला हवं. पॅट्रोनी हे पोस्टग्रेस डेटाबेसचं फेलओव्हर सांभाळणारं टूल तेच करतं: लीडरची की (प्रायमरीपदाचा मुदतीचा परवाना) वेळेत रिन्यू झाली नाही की प्रायमरी स्वतःहून पायउतार होते.

रेप्लिकेशन आहे म्हणून बॅकअपकडे दुर्लक्ष

हे सगळ्यांना पाठ आहे आणि तरी सगळे करतात. ‘व्हेअर’ (कुठल्या नोंदी हे सांगणारी अट) न लावता चालवलेलं डिलीट तुमच्या लाडक्या रेप्लिकावर सेकंदाच्या आत पोहोचतं. रेप्लिकेशन जितकं चांगलं, तितकी चूक लवकर पसरते.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या तशाच सेवेच्या एका इंजिनिअरने रेप्लिकेशन दुरुस्त करताना सेकंडरी (रेप्लिका) समजून प्रायमरीची डेटा डिरेक्टरी उडवली. सुमारे 300 जीबी. मग बॅकअप शोधला तर तो साठवायची बकेट रिकामी. बॅकअप काढणारा पीजी-डंप 9.2 आवृत्तीचा, सर्व्हर 9.6 चा, त्यामुळे डंप रोज फेल होत होता. फेल झाल्याच्या मेल जात होत्या, पण डीमार्कच्या (बनावट मेल रोखणाऱ्या) नियमामुळे नाकारल्या जात होत्या. शेवटी कुणीतरी स्टेजिंगसाठी (चाचणीच्या सेटअपसाठी) सहा तास आधी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) कामी आला.

मी बॅकअपच्या ‘सक्सेस’ मेलवर विश्वास ठेवत नाही. दर आठवड्याला ताज्या मशीनवर रिस्टोअर चालतं आणि सगळ्यात मोठ्या टेबलमधल्या शेवटच्या नोंदीची तारीख चॅटवर येते. तारीख आली नाही की सकाळचं पहिलं काम तेच. शिवाय एक रेप्लिका मुद्दाम काही तास मागे ठेवतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींत तशी सोय आहे.

बाकीच्या, थोडक्यात

“सिंक्रोनस करून टाकू, डेटा लॉस शून्य.” म्हणजे डीआरने होकार दिल्यावरच कमिट (बदल पक्का होणं) पूर्ण. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. साइट 1000 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद, तेही रस्ता सरळ असेल तर. प्रत्येक कमिट तेवढा थांबणार. आणि पोस्टग्रेसमध्ये तो एकमेव सिंक्रोनस स्टँडबाय (रेप्लिका) पडला तर प्रायमरीवरचे कमिट अडकून बसतात, म्हणजे डीआर पडलं म्हणून प्रॉडक्शन बंद!

डीआर कितीतरी दिवस बंद, पण त्याचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याच्यासाठी लॉग राखून ठेवायला लावणारी नोंद) प्रायमरीवर तसाच. वॅल (बदलांच्या लॉगच्या) फाइल साठत जातात, डिस्क भरते, प्रायमरी खाली. पोस्टग्रेस 13 पासून स्लॉटसाठी किती वॅल ठेवायचे याला मर्यादा घालता येते. ती घाला.

मायएसक्यूएलमधल्या ‘सेकंद मागे’च्या आकड्यावर विसंबू नका. नेटवर्क संथ असेल तर लॉग पोहोचलेलेच नसतात आणि आकडा शून्य दाखवतो. प्रायमरीवर दर सेकंदाला एका टेबलमध्ये वेळ लिहा, डीआरवर ती वाचा. आत्ताच्या वेळेशी जो फरक, लॅग तोच.

डीआरचं लिनक्स प्रायमरीपेक्षा वेगळ्या आवृत्तीचं असेल तर ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) तपासा. 2.28 मध्ये अक्षरांचा सॉर्टिंगचा क्रम बदलला. दोन बाजूंना वेगळी ग्लिबसी असेल तर प्रमोट केल्यावर टेक्स्ट कॉलमवरचे इंडेक्स (नोंदी शोधायच्या क्रमवार सूच्या) गुपचूप चुकीची उत्तरं देतात. एरर नाही, काही नाही, फक्त असलेली नोंद सापडत नाही.

डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरचा जुना पत्ता किती वेळ धरून ठेवायचा) एक तासाचा ठेवून पाच मिनिटांचा आरटीओ (सेवा परत सुरू करायची मुदत) लिहून देऊ नका.

क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) दोन्हीकडे चालू आहेत का ते बघा. ग्राहकांना एकच एसएमएस दोनदा जातो तो यामुळे.

रनबुक (संकटात काय करायचं याच्या पायऱ्या) विकीवर, विकी प्रायमरी साइटवर. यावर काय बोलणार? प्रिंट काढा.

परतीचा रस्ता मात्र एका ओळीत उरकणारा नाही. प्रमोशननंतर जुनी प्रायमरी नुसती चालू करून जोडता येत नाही, कारण दोघींचा इतिहास वेगळा झालेला असतो. पीजी-रिवाइंड (पोस्टग्रेसची जुनी प्रायमरी नव्या इतिहासाशी जुळवणारं टूल) वापरायचं तर वॅल-लॉग-हिंट्स किंवा डेटा चेकसम ही सेटिंग आधीपासून चालू हवेत. संकटाच्या दिवशी ते आठवून उपयोग नाही, मग सगळा बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) संथ लिंकवरून ओढत बसा. तो ओढायला किती तास लागतात हे मी ड्रिलमध्ये (सरावात) मोजून रनबुकमध्ये लिहून ठेवतो. ड्रिल म्हणजे रविवारी पहाटे प्रमोट करून एक सिलेक्ट (डेटा वाचायची क्वेरी) चालवणं असा अनेकांचा समज आहे. मी डीआरवर निदान एक आठवडा खरा ट्रॅफिक चालवतो आणि मग परत येतो. परत येताना सगळ्यात अनुभवी डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) कीबोर्डपासून लांब बसवतो आणि रनबुक नव्या माणसाच्या हातात देतो. तो जिथे मान वर करून विचारतो, तिथे एक पायरी लिहायची राहिलेली असते.