सोसायटीच्या सभेचे मिनिट्स लिहायचेत? आदल्या रात्री एवढं करून ठेवा

सप्टेंबर आला की सोसायट्यांमध्ये एजीएमची, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची, गडबड सुरू होते, ३० तारखेच्या आत ती घ्यावीच लागते ना, आणि मग मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहायचं काम कोणाच्या तरी गळ्यात पडतं. तुमच्या पडलं असेल तर सभेत बसूनच सगळं लिहू असं म्हणू नका, आदल्या रात्री तासभर काढा.

आधी नोटीस घ्या. ती सभेच्या १४ दिवस आधी निघते, म्हणजे अजेंडा तुमच्याकडे असतोच. वहीत प्रत्येक विषयाला एक अख्खं पान सोडा आणि त्यावर ठराव, सूचक, अनुमोदक, एकमताने की बहुमताने, हे आधीच लिहून ठेवा. मागच्या वर्षीचं इतिवृत्तही वाचा, कारण ते कायम करायचा विषय असतोच आणि लिफ्टचं काय झालं हे कोणीतरी विचारणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे एकदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला 'मंजुरी देण्यात आली' एवढंच लिहिलं गेलं, रक्कम नाही, कॉन्ट्रॅक्टर नाही, मग कोणी किती द्यायचे यावर वर्षभर भांडणं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये पावसाळाभर बादल्या. अजूनही वाईट वाटतं. म्हणून सेक्रेटरींकडून कोटेशन्स आधीच मागून घ्या आणि ठरावाचा कच्चा मसुदा करून ठेवा: 'वॉटरप्रूफिंगसाठी ____ यांचे रु. ____ चे कोटेशन मंजूर करण्यात येत आहे. प्रत्येक सभासदाने रु. ____ दि. ____ पर्यंत भरावेत.' सभेत फक्त रिकाम्या जागा भरायच्या आणि पुढच्या विषयाला जायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, लाजायचं नाही.

हजेरीचं रजिस्टर फ्लॅट नंबरप्रमाणे आखा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० सभासद, यातलं जे कमी ते, म्हणून सभा किती वाजता आणि किती जणांच्या हजेरीत सुरू झाली हे लिहायलाच हवं. चेअरमनच्या शेजारी बसा. कोण काय बोललं ते सगळं लिहीत बसू नका, पण कोणी 'माझा विरोध नोंदवा' म्हणालं तर नावासकट नोंदवा. रेकॉर्डिंग करायचं तर सगळ्यांना विचारून.

आणि पक्कं त्याच रात्री लिहा, दोन दिवस गेले की सूचक ३०२ वाले होते की ४०२ वाले तेही आठवत नाही.