दहाच्या बिलात अकराचं दूध : डेटाबेसमधला तारीख-वेळेचा घोळ कसा सोडवावा

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात. एकदा एक आजी पासबुक घेऊन आल्या. "म्हस नुकती व्यालीय. अकराला सकाळी पयल्यांदा दूध घातलं आमी. मग धाच्या बिलात दोन लिटर आलं कुठनं?" सचिव म्हणाले, बेरीज तर बरोबर आहे. बेरीज जवळजवळ जुळत होती हे खरं, आणि म्हणूनच हा घोळ कितीतरी महिने कुणाला दिसला नाही. प्रत्येक बिलात पुढच्या बिलातली एक पहाट घुसत होती आणि त्याची स्वतःची एक पहाट आधीच्या बिलात जात होती. रोज तेवढंच दूध घालणाऱ्याला फरक कळणार कसा? कळला तो नव्या म्हशीमुळे.

असा घोळ सापडला की मी ज्या क्रमाने जातो तो क्रम इथे देतो.

१. एकच नोंद हातात घ्या. अहवाल बाजूला ठेवा. ज्या नोंदीबद्दल तक्रार आहे ती थेट टेबलातून, तास-मिनिट-सेकंदासह काढा. आजींची नोंद निघाली १० तारखेची, वेळ २३:४०. रात्री अकरा चाळीसला डेअरीला कुलूप असतं. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असते. ते साडेपाच तास मिळवले की होतात अकरा तारखेचे पहाटेचे ५:१०, म्हणजे संकलनाची वेळ.

२. कॉलमचा प्रकार बघा. तारीख मजकूर म्हणून साठवली असेल तर पुढचं काही करू नका, आधी ते बदला. '०५/०४/२०२४' ही आपल्याला पाच एप्रिल. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर लॉगिनची भाषा अमेरिकन इंग्रजी असली तर ती चार मे होते. तेरा तारखेपासून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चूक दाखवते, पण पहिले बारा दिवस गुपचूप चुकीचं उत्तर देते. तिथे वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे सलग लिहा, भाषेचा प्रश्न उरत नाही.

३. घड्याळं विचारा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नाऊ() आणि यूटीसी_टाइमस्टॅम्प() शेजारी शेजारी छापा. हे प्रोग्रॅमच्याच कनेक्शनमधून करा. तुमच्या लॅपटॉपवरच्या टूलचं सेशन वेगळ्या टाइम झोनवर असू शकतं.

४. आता अवघड पायरी : साडेपाच तास नेमके कुठे मिळवायचे.

सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे 'क्वेरीत साडेपाच तास मिळवा आणि मोकळे व्हा'. मी तो ऐकला होता. पहाटेचं दूध जागेवर आलं, मी समाधानाने घरी गेलो. आठवड्याने संध्याकाळच्या दुधाची तक्रार आली. पावणेसातला घातलेलं दूध दुसऱ्या दिवशीच्या तारखेला लागलं होतं. त्या अहवालात मधला प्रोग्रॅम आधीच वेळ भारतीय करून देत होता, त्यावर माझे साडेपाच तास पुन्हा चढले आणि पावणेसातचे रात्रीचे सव्वाबारा झाले. हे शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. तेव्हापासून मी हे आधी बघतो : पहाटे साडेपाचच्या आतलं दूध आदल्या दिवशी जात असेल, तर वेळ यूटीसीमध्ये आहे आणि कुणीच बदललेली नाही. संध्याकाळी साडेसहानंतरचं दूध पुढच्या दिवशी जात असेल, तर वेळ दोनदा बदलली जाते आहे. दुरुस्ती सुरू करण्याआधी यातलं कोणतं ते ठरवा.

मायएसक्यूएलमध्ये डेटटाइम आणि टाइमस्टॅम्प हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. डेटटाइम जसं दिलं तसं ठेवतो. टाइमस्टॅम्प आत यूटीसी ठेवतो आणि दाखवताना सेशनच्या टाइम झोनप्रमाणे बदलून देतो. म्हणजे एका टेबलात डेटटाइम, दुसऱ्यात टाइमस्टॅम्प असेल तर एकच दुरुस्ती दोन्हींना लावू नका. वेळ बदलणाऱ्या कन्व्हर्ट_टीझेड या फंक्शनला 'एशिया/कोलकाता' दिल्यावर उत्तर नल (रिकामं) आलं, तर टाइम झोनची टेबलं भरलेली नाहीत असं समजा. ती भरा, नाहीतर '+०५:३०' द्या.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मात्र नेमकं उलटं वागा. तिथे ॲट टाइम झोनला '+०५:३०' दिलं तर अधिक चिन्हाचा अर्थ ग्रीनिचच्या पश्चिमेला असा घेतला जातो आणि वेळ साडेपाच तास मागे जाते. तिथे नेहमी 'एशिया/कोलकाता' हेच नाव लिहा. आणि टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन हे नाव असलं तरी तो कॉलम झोन साठवत नाही, आत यूटीसीच असतं.

माझं ठाम मत असं : बदल कॉलमवर करू नका, सीमेवर करा. आमच्या टेबलात यूटीसी होतं. ११ एप्रिलची भारतीय मध्यरात्र म्हणजे यूटीसीची १० एप्रिल १८:३०. हीच सीमा काढून क्वेरीला द्यायची. कॉलमला फंक्शन गुंडाळलं की साधा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) कामाला येत नाही आणि लाखो नोंदींच्या टेबलावर बिलं निघायला तासन्‌तास लागतात. शिवाय प्रत्येक अहवालात कुणीतरी वेगळं फंक्शन गुंडाळतं, ते वेगळंच.

एक गोष्ट या सगळ्यापासून लांब ठेवा : जन्मतारीख. आपल्याकडे कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख शाळेत १ जून लागलेली असते. ती मध्यरात्रीच्या टाइमस्टॅम्पमध्ये टाकून यूटीसी केलीत तर ३१ मे होते. ज्या तारखेला वेळ नाही तिला डेट प्रकार द्या. फौंड्रीतली तिसरी पाळीही तशीच. रात्री दोनचं काम आदल्या दिवसाच्या हजेरीत धरायचं असेल तर पाळीची तारीख स्वतंत्र कॉलमात ठेवा, घड्याळ सरकवू नका.

५. बिटवीन ('या दोन सीमांमधलं' अशी अट) वापरू नका. 'अकरा ते वीस' असं बिटवीन लिहिलं की शेवटची सीमा वीस तारीख सुरू होतानाची मध्यरात्र होते आणि वीस तारखेचा जवळजवळ सगळा दिवस गळतो. त्यावर २३:५९:५९.९९९ लिहायचा सल्ला तर त्याहून वाईट. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम तो आकडा पुढच्या मध्यरात्रीला नेऊन ठेवतो. सुरुवातीला 'मोठा किंवा समान', शेवटी 'लहान' : ११ ची मध्यरात्र किंवा नंतर, २१ च्या मध्यरात्रीच्या आधी.

६. तपासा. चाचणीच्या टेबलात भारतीय वेळेच्या या नोंदी घाला : २३:५९:५९, ००:००:००, ०५:२९, ०५:३०, १८:२९, १८:३०. सगळ्या योग्य तारखेला लागल्या तरच पुढे जा.

७. जुना डेटा. प्रत्येक नोंदीवर सरसकट साडेपाच तास चढवणारी अपडेट कधीही चालवू नका. आमच्याकडे सर्व्हर बदलण्याआधीच्या नोंदी भारतीय वेळेत होत्या, नंतरच्या यूटीसीत. पहाटे चार ते साडेपाचच्या संकलनाची वेळ कोणत्या दिवसापासून रात्रीची दिसायला लागली ते शोधा. बदल त्याच दिवसापासून करा, आधी बॅकअप घेऊन. आणि वाटप झालेली बिलं पुन्हा छापायची नाहीत, फरक पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवायचा. आजींचे दोन लिटर आम्ही तसेच दाखवले.