धूळ, तेल, वायू असलेल्या जागी स्विचचे कॉन्टॅक्ट कसे निवडायचे

आधी कॉन्टॅक्टमधून (स्विचच्या आत एकमेकांना टेकून करंट जोडणारे धातूचे भाग) करंट किती जाणारे ते बघा, धातूचं नंतर. बरेच जण मोठ्या अँपिअरचा स्विच घेतात, दणकट आहे म्हणून, आणि तोच ५ व्होल्ट, एक-दोन मिलिअँपच्या सिग्नलला लावतात, मग तो कधी चालतो कधी नाही. चांदीवर हायड्रोजन सल्फाइडमुळे काळा थर चढतो. मोठ्या लोडला ठिणगी पडते ती हा थर जाळून टाकते, सिग्नलला ठिणगीच नाही म्हणून थर तसाच राहतो.

आता धातू. मोटर, कॉइल असं काही असेल तर सिल्व्हर-निकेल किंवा सिल्व्हर-टिन ऑक्साइड. सिग्नलला सोन्याचा मुलामा, पण खाली निकेलचा थर हवाच, नाहीतर तांबं हळूहळू सोन्यातून वर येतं. आणि सोन्यावर एकदाही मोठा लोड टाकू नका, मुलामा उडाला की संपलं (टेस्टिंगला बल्ब लावून बघणारे इथेच फसतात).

मग कॉन्टॅक्टची हालचाल. नुसता टेकून भागत नाही, बंद होताना थोडा घासत सरकला पाहिजे, म्हणजे धूळ बाजूला होते. स्प्रिंगचा दाब वाढवला तर थर फुटतो खरा पण मुलामाही लवकर झिजतो. माझ्या मते त्यापेक्षा कॉन्टॅक्ट ज्यावर बसतो त्या पात्याचं टोक चिरून दोन कॉन्टॅक्ट पॉइंट करणं भारी, एकाखाली कण अडकला तरी दुसरा चालू राहतो. एक पॉइंट हजारात एकदा फेल जात असेल आणि दोन्हीचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकदम फेल जायची शक्यता दहा लाखात एक.

सीलिंगला आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) बघा, त्यात धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. पण वायू रबरातूनही हळूहळू झिरपतो, त्यामुळे गंधकाचा वायू कायमच असेल आणि लोड छोटा असेल तर काचेत बंद असलेला, चुंबकाने चालणारा रीड स्विच घ्या. सिलिकॉनचं सीलंट, ग्रीस मात्र जवळ नको, त्याची वाफ ठिणगीत सापडली की सिलिका होते आणि तो चक्क इन्सुलेटर आहे! सील बसवतानाच लोक ही घाण आत घालतात.

शेवटी टेस्ट, म्हणजे कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स मोजणं. साध्या मल्टिमीटरवर विश्वास नको, त्याचंच व्होल्टेज पातळ थर फोडून रीडिंग चांगलं दाखवू शकतं. चार वायरची पद्धत (दोन वायरनी करंट द्यायचा, दुसऱ्या दोनांनी व्होल्टेज मोजायचं) वापरा आणि ओपन व्होल्टेज, म्हणजे कॉन्टॅक्ट उघडा असताना मीटर देतं ते, २० मिलिव्होल्टच्या वर जाऊ देऊ नका.