प्यूटरच्या थाळीवरचा पुसट शिक्का

संग्राहक आजोबांच्या वह्यांत इंग्लिश कारागिरांची नावं असतात, पण कपाटातली कुठली प्यूटरची (मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूची) थाळी कुणाची हे कळत नाही. कारागिराची ओळख सांगणारे मागचे शिक्के झिजलेले.

१. थाळी पालथी घालून शिक्क्यावर पातळ कागद घट्ट धरा.

२. ४बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एखादं अक्षर, गुलाबाची पाकळी उमटते. मुकुटाखालचा एक्स दिसला तर हुरळू नका; ती दर्जाची खूण, कारागिराची नव्हे.

३. ठशाच्या कागदावर थाळीचा व्यास आणि वहीचा पान क्रमांक लिहून तो वहीतच ठेवा. थाळीला काही चिकटवू नका.

शिक्का उजळायला पॉलिश तर अजिबात नको. कथलाचा हा धातू मऊ, उरलासुरला शिक्काही जाईल.