अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा घ्यावा?
ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरील फ्लॅटच्या दिवाणखान्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना आधी स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॉटला तो किती मोठा आवाज देतो, ते पाहावे. ती १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल असेल, तर १० वॉटला ९७ डेसिबल मिळतात. ५० वॉटऐवजी १०० वॉट घेतल्याने मात्र वाढ केवळ ३ डेसिबलची होते आणि शेजाऱ्यांची भिंत लागूनच असताना तिचा उपयोगही क्वचितच होतो. स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे कमी विद्युतरोधाचा आणि जास्त प्रवाह ओढणारा असल्यास अ‍ॅम्प्लिफायर तो भार पेलतो का, हे आवर्जून तपासावे. बाय-अ‍ॅम्पिंग (एकाच स्पीकरच्या उंच आणि खालच्या स्वरांच्या भागांना वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर जोडणे) करायचेच असेल, तर स्पीकरमागच्या धातूच्या जोडपट्ट्या आधी काढाव्यात, अन्यथा दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांना भिडून ते जळू शकतात. एकाच रिसीव्हरवर (अनेक अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेल्या यंत्रावर) बाय-अ‍ॅम्पिंग केल्यास वीजपुरवठा सामाईकच राहतो, त्यामुळे फरक नगण्य पडतो. दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा पैसा माझ्या मते अधिक चांगल्या स्पीकरवर खर्चावा.