जुन्या गाडीत नवा रेडिओ बसवताना

सॅटेलाइट रेडिओचा विचार मनात असेल तर तो सोडा. वर्ल्डस्पेसची भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ला बंद झाली. जुन्या बाजारात त्यांचा रिसीव्हर शे-दोनशेला मिळाला तरी घेऊ नका, तो आता काहीच पकडणार नाही. पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८०० किंवा झेनमध्ये एफएम आणि ब्लूटूथवाला सिंगल डिन, म्हणजे एकेरी उंचीच्या प्रमाणित मापाचा सेट घ्यावा. त्याच्या पत्र्याच्या चौकटीला १८२ बाय ५३ मिलिमीटरचा गाळा लागतो. आधी डॅशबोर्ड मोजा, सेटमागे वायरींना जागा आहे का बघा, मगच पुण्यात नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जा. हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि दोन पदरी स्पीकर वायर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणावी.

बसवणं तासाभराचं, खरा वेळ वायरी ओळखण्यात जातो. नव्या सेटच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी कायमची १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी. स्पीकरसाठी पुढे डावीकडे पांढरी, उजवीकडे करडी. मागे डावीकडे हिरवी, उजवीकडे जांभळी. काळा पट्टा असलेली प्रत्येक वायर निगेटिव्ह. तरी कपलरवरचा तक्ता एकदा बघून घ्या. गाडीकडून आलेल्या वायरींच्या रंगांवर मात्र अजिबात भरवसा नको. इतक्या वर्षांत तिथे दोन-तीन जणांनी तरी हात घातलेला असतो.

म्हणून मल्टिमीटर लावा. चावी बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट दाखवणारी वायर पिवळीला. चावी एसीसीवर (इंजिनाआधीच्या पहिल्या टप्प्यावर) आणल्यावरच जिवंत होणारी लालला. दोन्ही एकत्र जोडले तर सेट चालतो, पण चावी काढल्यावरही चालूच राहतो आणि बॅटरी उतरते. उलटापालट झाली तर चावी काढताच स्टेशनं पुसली जातात. पार्किंग दिव्यांवर जिवंत होणारी वायर यातली कशालाच नको.

सर्वांत महाग चूक स्पीकरची. काही जुन्या गाड्यांत चारही स्पीकरची निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला दिलेली असते. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सहाएक व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की सेट स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो (प्रोटेक्टमध्ये जातो), नशीब वाईट असेल तर आतली आयसीच जळते. स्पीकरच्या वायरी सेटपासून सुट्या असताना ओहमवर ठेवलेल्या मीटरचं एक टोक वायरीला, दुसरं बॉडीला लावा. काहीही वाचन आलं तर दारापर्यंत नवी दोन पदरी वायर ओढा. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो. प्लस कळत नसेल तर पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: स्पीकरचा कागद बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला होतं तेच प्लस.

आता दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि जोडायला घ्या. वायरी नुसत्या पिळून टेप मारू नका. पुण्याच्या उन्हात टेपचा चिकटा पाघळतो आणि ती सुटते. झाळून हीट श्रिंक चढवा. पिवळीत फ्यूज हवाच, बहुधा सेटमागे १० अँपिअरचा असतो. तो उडाला तर मोठा लावण्याआधी शॉर्ट शोधा. काळी वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर रिंगने कसा, प्लास्टिकमधल्या स्क्रूवर नको. रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली की आधी हाच जोड बघायचा.

एफएम खरखरतं तेव्हा सगळे सेटला नावं ठेवतात, दोष बहुतेकदा एरियलचा असतो. प्लगचं बाहेरचं कडं बॉडीशी शून्याजवळ दाखवायला हवं, मधली पिन कड्याशी जोडलेली दिसता कामा नये. पिलरवरच्या एरियलच्या बुडाशी गंज धरतो, तो साफ करा. तपासायला १०१वरची विविध भारती उपयोगाची नाही, ती शहरात कशीही येते. पुणे विद्यापीठाची १०७.४वरची विद्यावाणी कोथरूडमध्ये स्वच्छ लागली तर एरियल ठीक. तरीही खरखर राहिली तर लायटरमधला स्वस्त मोबाइल चार्जर काढून पाहा.